समीक्षाचं विमान आणि माझा ट्रेलर

ट्रेलर बनवायला लागतं काय हो? दोन चाकं, चार पाइप आणि एक आबाजी!

हे वाक्य मी आमच्या कडावच्या घराच्या पडवीत, हातात चहाचा कप धरून, बायको आणि मुलीसमोर ठणकावून म्हटलं, तेव्हा मला त्यात काही धोका दिसला नाही. का दिसावा? रसायनीच्या पट्ट्यात एका केमिकल कंपनीच्या मेंटेनन्स शॉपमध्ये मी बत्तीस वर्षं काढलेली. मी वेल्डिंग केलेला एक जरी सांधा सुटला असं कोणी दाखवून द्यावं, मिशी उतरवून देईन! परवा आरशात बघितलं, मिशी जागेवर आहे.

तर ट्रेलर हवा होता माझ्या मुलीला. विमानासाठी.

पुन्हा वाचायची गरज नाही, बरोबर वाचलंत. समीक्षा आमची एकुलती एक. विमानाचं इंजिनिअरिंग शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि शनिवार-रविवार घरी येऊन आमच्या गोठ्यात विमान बांधायला लागली. तीन वर्षं असं चाललं. चौथ्या वर्षी तिने बिनपगारी रजाच टाकली. दोन्ही म्हशी पडवीच्या कडेला आल्या आणि गोठ्यात विमान. दूध काढताना जयवंता, म्हणजे माझी बायको, विमानाकडे बघून एवढंच म्हणायची, "याला चारा तरी लागत नाय, ते एक बरं हाय."

विमान एका माणसाचं. पाइपांचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं कापड, पुढे इंजिन, पंख काढघालीचे. आणि वजन दोनशे दहा किलो! एक किलोही वर नाही. मंजूर झालेल्या कागदावर तसं लिहूनच दिलेलं. त्यामुळे आमच्या घरात वजनाचं वेड शिरलं. समीक्षा एकेक स्क्रू सोनाराच्या काट्यावर तोलायची. रंगाचा दुसरा हात तिने दिलाच नाही, कारण तो आठशे ग्रॅमचा होता. जयवंता म्हणाली, "माझ्या मंगळसूत्राला कुनी एवढं तोललं नव्हतं गं!"

आता मुद्द्याचं. घटस्थापनेच्या दिवशी पद्मजा मॅडम नावाच्या तपासणी इंजिनिअर खालापूरच्या अलीकडे माळावर एका खाजगी धावपट्टीवर येणार होत्या. विमान तोलणार, तपासणार, सही करणार आणि दुपारी चारला निघून जाणार. त्यांची पुढची फेरी सहा महिन्यांनी. आणि समीक्षाची रजा संपत होती दसऱ्याला. म्हणजे त्या दिवशी चारच्या आत विमान माळावर पोचलं नाही, तर ते आमच्या गोठ्यात म्हातारं होणार आणि पोरगी पुण्याच्या ऑफिसात! चार वर्षं तिने हाताची बोटं सोलून घेतली होती. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी तिला काही मदत केली होती का? तर नाही. हात लावायला गेलो की ती म्हणायची, "बाबा, तुम्ही नका. तुम्ही घट्ट पिळता."

ट्रकवाल्यांना विचारून झालं. एकाने विचारलं, "उभं न्यायचं का आडवं?" तिने फोन ठेवून दिला. आणि तेव्हा मी ते वाक्य बोललो.

तिने मला ट्रेलरचं चित्र काढून दिलं. बारीक पाइप, छोटी चाकं, मऊ पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा. ट्रेलरचं सगळं मिळून वजन एकशे साठ किलो.

"हा ट्रेलर हाय का मांडवाचा सांगाडा?" मी म्हटलं.

"बाबा, विमान हलकं आहे. ट्रेलरही हलकाच हवा. चित्रात आहे तसाच करा. शब्द द्या."

मी शब्द दिला. आणि शब्द मोडायचा माझा अजिबात विचार नव्हता. पण कंपनीत आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं होतं : शंका आली की जाडी वाढवा! ॲसिडची लाइन आहे? जाडी वाढवा. साहेब दौऱ्यावर येतोय? जाडी वाढवा. मोहोपाड्याच्या भंगारवाल्याकडे मी तो बारीक पाइप हातात घेतला आणि मला शंका आली. याच्यावर माझ्या पोरीची चार वर्षं बसणार! मी त्याच्या दुप्पट जाडीचा पाइप उचलला.

आता पाइप जड झाला, तर त्याला छोटी चाकं कशी पेलणार? तिथेच एका पाण्याच्या टँकरचा आसा, म्हणजे चाकांमधला दांडा, पडला होता, चाकं-पाट्यांसकट. काय वस्तू होती! बघूनच मन भरून आलं. घेतला. आसा जड झाल्यावर त्याला धरायला पाइप कमी पडायला लागला. म्हणून आडव्या पट्ट्या टाकल्या. पट्ट्या टाकल्यावर कोपरे उघडे दिसायला लागले. म्हणून कोपऱ्यांना चौकोनी प्लेटी. मग एवढं केलंच आहे तर खाली पत्रा का नको? तोही टाकला, चेकर्ड प्लेटचा, पाय घसरू नये म्हणून. विमानाला पाय नसतात हे मला नंतर सुचलं.

आठव्या दिवशी मी ताडपत्री ओढली. समीक्षा बघतच राहिली. तिला आनंदाने बोलवेना असं मला वाटलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "याच्यावरून काय न्यायचंय? धरणाचा दरवाजा?"

"मजबूत हाय! पन्नास वर्षं काय होत नाय."

"हा नऊशे किलो भरेल हो!"

"भरू दे की. ओढायचा दशरथला हाय, विमानाला थोडाच ओढायचाय?"

दशरथ माझा चुलत भाऊ. दुधाचा धंदा, त्यामुळे दारात पिकअप आणि ट्रॅक्टर दोन्ही. आधी त्याने पिकअप जोडली. गिअर टाकला, गाडी गुरगुरली, थरथरली आणि खालून जळका वास आला. ट्रेलर जागचा हलला नाही. दशरथ उतरला आणि आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा त्याने बोनेटवर हात ठेवला.

"आबा," तो म्हणाला, "ही दुधाची गाडी हाय रं. हिला असलं कधी दाखवलं नाय."

काही बिघडलं नाही! ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरने ट्रेलर ओढला, सहज. मी समीक्षाकडे विजयी नजरेने बघितलं. ती ट्रेलरच्या पाट्यांकडे बघत होती. म्हणाली, "एक कळशी पाणी ठेवा आणि देवळापर्यंत चक्कर मारून आणा."

आणली. परत आलो तेव्हा पाणी नव्हतं. कळशी होती, पण तिला कळशी म्हणायला जयवंता तयार होईना.

झालं असं होतं, की टँकर पाच टनांचा. त्याचे पाटे पाच टनांना सवकलेले. त्यांच्यावर दोनशे दहा किलो म्हणजे त्यांना कोणी बसल्याचं कळलंसुद्धा नाही! पाटे दबत नव्हते. पाटे दबले नाहीत की खड्डा सरळ वर येतो. आणि कडाव ते खालापूर रस्त्यात खड्डे किती, ते मी सांगून शहाण्याला वेड लावत नाही.

"चार फाट्याच्या चौकापर्यंत विमान सुटं होईल," समीक्षा म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि हातातला पाना पुसत राहिली. घटस्थापनेला एकच दिवस उरला होता. दुसरे पाटे कुठून आणणार? पण मी मागे हटणारा माणूस नव्हे. पाट्यांना वजन हवंय ना? वजन देऊ!

"दगड टाकू," दशरथ म्हणाला.

"उडून विमानाच्या कापडाला लागले म्हणजे?" समीक्षा.

"भाताच्या गोन्या?"

"भात अजून शेतात उभा हाय, शहाण्या!" मी.

"मग वाळू."

"वाळूच्या गोण्या घेऊन चार फाट्यावरून ट्रॅक्टर नेलास तर विमानाआधी तुलाच तपासायला घेतील!"

वजन तर हवं, पण उडता कामा नये, सांडता कामा नये, आणि जमलं तर स्वतःला सांभाळून बसायला हवं. आम्ही तिघं डोकं धरून बसलो. तेवढ्यात शेणाची पाटी घेऊन जयवंता मागून आली.

"आमी हाय ना!" ती म्हणाली.

जयवंताच्या भजनी मंडळात अकरा बायका. त्यांना घटस्थापनेला त्याच माळाच्या पायथ्याच्या देवीला भजनाला जायचं होतं आणि टेंपोवाल्याने ऐनवेळी नाही म्हटलं होतं. "तुमाला वजन पायजे, आमाला गाडी पायजे. बसतो की आमी विमानाच्या दोन्ही बाजूंनी!"

समीक्षाच्या डोळ्यांत पहिल्यांदा चमक आली. वही काढून ती म्हणाली, "मला प्रत्येकीचं बरोबर वजन लागेल. दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्यात."

संध्याकाळी मंडळ जमलं. मंडळाच्या पुढारी मैनामावशी, अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. त्यांनी सांगितलं, "पंचेचाळीस." झालं! मैनामावशी पंचेचाळीस म्हटल्यावर शेहेचाळीस सांगायची कोणाची छाती? अकराच्या अकरा बायका पंचेचाळीस किलोंच्या निघाल्या. समीक्षाने वही मिटली आणि डोळ्यांच्या मापाने सहा इकडे, पाच तिकडे अशी वाटणी केली. पाचांच्या बाजूला मैनामावशी.

राहिला प्रश्न विमान गुंडाळायचा. धूळ लागू नये, ओरखडा उठू नये. "साड्या कशाला हायत?" मंडळ म्हणालं. नवरात्रात नऊ दिवसांच्या नऊ रंगांच्या साड्या प्रत्येकीच्या घरात काढून ठेवलेल्या असतातच. सकाळी त्या सगळ्या विमानाला नेसवल्या. पुढच्या पंख्याला पिवळी, अंगाला हिरवी, लाल, जांभळी, आणि मागचं उभं शेपूट आहे ना, त्याला जरीकाठाची केशरी, वर पदर घेऊन. पंख काढून दोन्ही कडांना उभे बांधले, त्यांनाही निऱ्या. मी लांबून बघितलं. छान दिसत होतं. माझ्या डोक्यात त्या क्षणी काही यायला हवं होतं, पण आलं नाही.

नऊ वाजता निघालो. समीक्षा स्कूटरवर पुढे थेट माळाकडे गेली, खड्डे बघत, फोनवर सांगत. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, दशरथ चालवायला. बायका बसल्या आणि काय सांगू, पाटे दबले! ट्रेलर पाळण्यासारखा चालायला लागला. बायकांनी टाळ काढले, देवीचं गाणं धरलं. तीस किलोमीटरचा तर रस्ता, बारापर्यंत माळावर! मी खिशातून तंबाखूची डबी काढली.

पहिल्याच फाट्यावर वीस-पंचवीस बायका ताटं घेऊन रस्त्यात उभ्या होत्या. त्यांच्या मंडळाची मूर्ती यायची होती, ती वाटेत कुठेतरी अडकलेली. त्यांना लांबून काय दिसलं असेल? ट्रॅक्टर, टाळ, गाणं आणि मध्ये नऊ रंगांत, पदर घेऊन, उंच उभी... एका म्हातारीने हात वर केला. "आली गं, आली!"

दशरथने ब्रेक मारला. निरांजनं पेटली. मी खाली उडी मारली.

"आजी, देवी नाय ही! विमान हाय, विमान!"

"मग?" म्हातारी म्हणाली. "दरसाली वाहन बदलतंय तिचं. कधी हत्ती, कधी घोडा. यंदा विमानातनं आली!"

"अवो, माझ्या पोरीनं बनवलंय हे!"

"पोरगी म्हंजे देवीच की रं!"

आणि ट्रेलरवरच्या आमच्या अकराजणींपैकी एकीने तरी माझी बाजू घ्यावी! जयवंता वरून मला दटावत म्हणाली, "आवो, ओटी घेऊन आलेल्या बाईला परत पाठवत्यात का कुठं? गप घ्या!"

ओटी म्हणजे नारळ, तांदूळ, खण, बांगड्या. घेतली. पण ठेवायची कुठे? पत्र्यावर ठेवला तर नारळ घरंगळणार. मी विमानाच्या बैठकीमागच्या कप्प्यावरची साडी जरा बाजूला केली आणि म्हटलं, "आत टाका!" एका नारळाने काय होतंय?

निघालो. दीड किलोमीटरवर पुढचा फाटा. तिथेही ताटं. बातमी फोनवरून आमच्यापुढे पळत होती! यंदा विमानातनं येतेय म्हणे, लवकर या, पुढे निघून जाईल! तिसऱ्या थांब्यावर मी घड्याळ बघितलं आणि हादरलो. तीन थांब्यांत पाऊण तास! माझी पोरगी माळावर पोचून मॅडमची वाट बघत असणार, आणि मी इथे आरत्या ऐकतोय!

मग मी ठरवलं. समजावणं बंद! बत्तीस वर्षं शॉप चालवलंय, ओट्या चालवू शकत नाही? "ताई, रांगेत या! नारळ आत, तांदूळ आत, नमस्कार बाहेरून! आरती एक कडवं! दशरथ, इंजिन बंद करू नको! चला, पुढची!" एकेक थांबा मी दहा मिनिटांवर आणला. मैनामावशींनीसुद्धा म्हटलं, "आबाजी, तुमी देवळात पायजे होतात."

चार फाट्याच्या चौकात शिट्टी वाजली. आता मेलो! हवालदार समोर आला, हात आडवा केला.

"मंडळ कुठलं?"

"क... कडाव," दशरथ म्हणाला, आणि खोटं काहीच नव्हतं.

"आत काय हाय?"

मी तोंड उघडणार, तोच मैनामावशींनी आरती उचलली. हवालदाराने टोपी काढून काखेत घेतली. एक कडवं, दोन कडवी. मग वळून त्याने चारी रस्ते अडवले आणि आम्हाला वाट करून दिली! मुंबईहून कळंबच्या रिसॉर्टांकडे निघालेल्या गाड्या ही एवढी रांग लावून उभ्या, आणि मधून आमची पोरगी, म्हणजे विमान, थाटात निघालं. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू? पण त्या गडबडीत एक ढोलपथक आमच्या मागे लागलं ते लागलंच.

पळसदरीच्या चढाला ट्रॅक्टर दमला. पुढची चाकं हलकी व्हायला लागली. "उतरा बायकांनो!" दशरथ ओरडला. बायका उतरल्या. वजन गेलं, पाटे ताठ झाले, विमान कुडकुडल्यासारखं हलायला लागलं. "चढा, चढा!" मी ओरडलो. चढल्या. ट्रॅक्टर पुन्हा दमला. शेवटी सहाजणी वर, पाचजणी खाली, दर शंभर पावलांवर अदलाबदल, असं करत तो चढ आम्ही पार केला. ढोलवाल्यांनी मागून ढकललं. खाली चालणाऱ्या पाचजणींत मैनामावशी असल्या की ट्रॅक्टर जरा जास्तच पळायचा, पण ते मी मोठ्याने बोललो नाही.

फोन वाजला. समीक्षा. "बाबा, कुठे आहात? मॅडम दीडलाच आल्या आहेत! अडीच वाजले!"

"आलोच! जरा... गर्दी हाय!"

"कसली गर्दी?"

"सनासुदीचे दिवस, पोरी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

चाराला वीस मिनिटं कमी असताना आम्ही माळावर पोचलो. पद्मजा मॅडम, पांढरे केस, पायात बूट, हातात फाईल, धावपट्टीच्या टोकाला उभ्या. त्यांच्या समोर आधी ढोल आला, मग दोनेकशे माणसं, मग टाळ, मग ट्रॅक्टर, मग नऊ रंगांचं विमान. समीक्षाने तोंडावर हात ठेवला. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"यात विमान कुठलं?" त्यांनी विचारलं.

साड्या सोडल्या, पंख जोडले. मंडळाने हात लावला म्हणून दहा मिनिटांत झालं. एक ओरखडा नाही! विमानाच्या तीन चाकांखाली तीन काटे ठेवले. माणसं गोल करून उभी राहिली, ढोल थांबले. मॅडमनी आकडे वाचले, बेरीज केली.

"दोनशे सव्वीस किलो."

समीक्षा पुढे झाली. "नाही मॅडम, दोनशे नऊ पूर्णांक चार. मी रोज तोललंय."

पुन्हा तोललं. दोनशे सव्वीस. मॅडम वाईट नव्हत्या, पण आकडा तो आकडा. "सोळा किलो जास्त आहे. मी सही करू शकत नाही," त्या म्हणाल्या आणि फाईल मिटायला लागल्या. चाराला चार मिनिटं होती.

समीक्षाचा चेहरा मला बघवेना. स्क्रू तोलणारी पोरगी! तिने विमानाच्या नाकावर हात ठेवला. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला ट्रेलरसकट पोटात घ्यावं. कुठून आले सोळा किलो? धूळ? साड्या तर काढल्या. मी मनातल्या मनात वेल्डिंगचे सांधे मोजायला लागलो, जणू काही विमान मीच बनवलं होतं.

आणि मागून मैनामावशींचा आवाज आला. "आबाजी, ओट्या काढून द्या की. नारळ देवीला चढवायचे हायत. बसल्या जागी सुकून गोटे व्हायची वाट बघताय काय?"

"मॅडम!" मी एवढ्या जोराने ओरडलो की ढोलवाल्याने एक ठोका मारला. "मॅडम, थांबा! नारळ!"

मी बैठकीमागच्या कप्प्यात हात घातला. एक नारळ. दुसरा. पाचवा. नववा. माणसं मोजायला लागली. एकवीस नारळ निघाले! मग खण, मग बांगड्या, मग तांदूळ, ओंजळीने तांदूळ. समीक्षा माझ्याकडे बघत होती.

"हे आत कोणी टाकायला सांगितलं?"

मी दशरथकडे बघितलं. दशरथने माझ्याकडे बोट केलं. भाऊबंदकी म्हणतात ती हीच.

काटा दोनशे दहा पूर्णांक तीनवर येऊन थांबला. तीनशे ग्रॅम! तांदळाचे दाणे बैठकीखाली, पाइपांच्या सांध्यांत, फटीफटींत. मॅडमच्या घड्याळात चाराला एक मिनिट. पण मॅडमनी फाईल पुन्हा उघडली होती. अकरा बायकांनी पदर खोचले आणि विमानाभोवती उकिडव्या बसल्या. तांदूळ निवडायला त्यांना कोणी शिकवायचंय? दाणा न् दाणा वेचला. जयवंता तर अर्धी आत शिरली होती. "ह्या फटीत अजून दोन हायत... हा घे... हा बघ, खडा निघाला!"

दोनशे नऊ पूर्णांक सहा.

"तू म्हणालीस पूर्णांक चार," मॅडम म्हणाल्या. "हे दोनशे ग्रॅम कसले?"

समीक्षाने विमानाच्या नाकाला बोट लावून दाखवलं. "हळदकुंकू आहे, मॅडम. साडीच्या आतून गेलंय. ते काही निघायचं नाही."

मॅडम हसल्या. मग तासभर त्यांनी विमान कोपरा न् कोपरा तपासलं, चारला निघायचं विसरूनच गेल्या, आणि शेवटी सही केली. माळावर जो ढोल वाजला म्हणता! जयवंता रडली, दशरथ रडला, मीही रडलो. समीक्षा एकटीच हसत होती.

जाता जाता मॅडम ट्रेलरपाशी थांबल्या. बुटाने चाक दाबून बघितलं. "हा कोणी बनवला?"

"मीच!" मी छाती काढून म्हटलं. "पन्नास वर्षं काही होणार नाही, मॅडम."

"धावपट्टी दुरुस्तीला काढली तर याच्यावर विमान उतरवता येईल," त्या म्हणाल्या. ही तारीफ होती असं मी धरून चाललोय.

मंडळ देवीला भजनाला गेलं. माणसं पांगली. समीक्षा विमान शेडमध्ये ढकलत होती. मी तिच्यामागे गेलो. आता माझं डोकं भराभर चालायला लागलं होतं. "पोरी, पुढच्या वेळी पाटे मऊ टाकतो. वर पत्र्याचं छप्पर करू, म्हंजे साड्या नकोत. मागं आनखी दोन चाकं... परत न्यायला कधी येऊ?"

"परत?" ती म्हणाली. "बाबा, ते आता इथेच राहणार."

"हां, आत्ता राहू दे. पन नंतर कुठं न्यायचं झालं तर?"

ती माझ्याकडे बघून एवढी गोड हसली, की मला आधी कळेचना. "बाबा, विमान आहे ते. कुठे जायचं झालं तर उडून जाईल."

आठ दिवस मी वेल्डिंग करत होतो. बायको, भाऊ, अकरा बायका, एकवीस गावचे फाटे, एक हवालदार आणि एक ढोलपथक, एवढ्या सगळ्यांना कामाला लावलं होतं. आणि एवढी साधी गोष्ट फक्त ट्रेलर बनवणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती! पोरीचं काम झालं याचा आनंद मला झाला, अगदी झाला, देवीशपथ. पण माझ्या ट्रेलरचं काम एका दिवसात संपलं होतं, तेही सांगतो. मी "बरं, बरं" म्हटलं आणि ट्रॅक्टरकडे वळलो.

बायकांना परतीला देवळापासून टेंपो मिळाला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दशरथने साड्यांचं गाठोडं ठेवलं होतं, त्यामुळे मला ट्रेलरवर बसावं लागलं. पन्नास वर्षं टिकणाऱ्या, नऊशे किलोंच्या त्या रिकाम्या ट्रेलरवर वजन म्हणून मी एकटा. खालापूर ते कडाव. पाटे एकदाही दबले नाहीत!